चटणीचा धंदा: डंक, हिशेब आणि हजेरी

नवी मिरची जानेवारीत बाजारात उतरते आणि जूनमध्ये कोल्हापुरात पाऊस धरतो. कांदा-लसूण चटणीचा, म्हणजे रश्श्यात घालायच्या कोरड्या मसाल्याचा, धंदा या मधल्या चार-साडेचार महिन्यांवर उभा असतो. खरेदी, वाळवण, भाजणी, कुटणी एवढ्यात उरकायची आणि विक्री मात्र बारा महिने करायची. मार्च-एप्रिलमध्ये दहा माणसं कमी पडतात, ऑगस्टमध्ये तिघांपुरतंच काम असतं. त्यामुळे भांडवल, मशीन, परवाने यांच्याइतकाच माणसांचा प्रश्न इथे पहिल्या दिवसापासून असतो. शहराच्या कडेला दोन खोल्या, पत्र्याची शेड आणि एक डंक (मसाला कुटायचं यंत्र) एवढ्यावर आम्ही काम सुरू केलं. घरची चटणी चांगली होते, ती विकायला काढावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत.

आधी वजनाचा हिशेब, कारण बहुतेकांचा धंदा इथेच अडकतो. दहा किलो मिरचीचा घाणा, म्हणजे एका वेळी कुटायचा माल, धरा. त्याला कांदा ५ किलो, सोललेला लसूण २ किलो, धने २ किलो, सुकं खोबरं दीड किलो, तीळ १ किलो, जिरं अर्धा किलो, खसखस पाव किलो, हळकुंड पाव किलो, खडा मसाला सगळा मिळून अर्धा किलो, हिंग ५० ग्रॅम, मीठ पावणेदोन किलो आणि तेल दीड लिटर. प्रमाणावरून कोल्हापुरात दोन जावांचंही एकमत होत नाही, तेव्हा आपल्या घरचं घ्या. पण प्रत्येक टप्प्यावर वजन करा. वर दिलेला कच्चा माल साधारण २६ किलो भरतो. चटणी हातात येते ती साडेअठरा किलोच्या आसपास. मिरची देठ, खराब शेंगा आणि ओलावा जाऊन दहाची साडेआठ होते. पाच किलो कांदा वाळवून तळला की पाऊण ते एक किलो उरतो. दोन किलो लसणाचा वाळवल्यावर किलोही राहत नाही. भाजणीत थोडं जळतं, डंकावर थोडं उडतं.

आता मालाच्या एकूण खर्चाला २६ ने भागायचं की साडेअठराने? २६ ने भागून दर काढला, तर खरा खर्च त्या आकड्यापेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त असतो. वर मजुरी, गॅस, वीज, पाऊच, वाहतूक आणि दुकानदाराकडून परत येणारा माल राहतोच. ‘विक्री भरपूर आहे पण हातात काही उरत नाही’ ही तक्रार ऐकली की आम्ही पहिल्यांदा भागाकार तपासायला सांगतो.

मिरची एकाच जातीची घेऊन चालत नाही. आम्ही दहा किलोत ब्याडगी पाच, संकेश्वरी तीन आणि लवंगी किंवा गुंटूरकडची तिखट मिरची दोन असं धरतो. ब्याडगी रंग देते, तिखट फारशी नसते. तिखटपणा लवंगीचा. वास आणि जिभेवर रेंगाळणारी चव संकेश्वरीची. अस्सल जवारी (देशी) संकेश्वरी महाग मिळते, त्यामुळे खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री तिच्यावर चालते. मग चटणी लालभडक होते, तिखटही होते, पण रश्श्यात गेली की कुणाची आहे ते कळत नाही. थोडा माल लागत असेल तर कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याकडून घ्यावा. दरावर नजर ठेवायची असेल तर गडहिंग्लज बाजार समितीतले संकेश्वरीचे सौदे आणि हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीचे भाव दोन्ही पाहावेत.

पोतं घेताना वरची मिरची बघून काही कळत नाही. हात मधोमध खुपसून मूठभर काढा. शेंग हलवली तर आत बिया खुळखुळल्या पाहिजेत आणि वाकवली तर मोडली पाहिजे. नुसती वाकली तर तिच्यावर पाणी मारलेलं आहे किंवा ती नीट वाळलेली नाही. सुक्या मिरचीत ओलावा ११ टक्क्यांच्या आत असावा असं अन्नसुरक्षेचं मानक सांगतं. ओल्या मिरचीचे पैसे आपण पाण्याला मोजतोच, शिवाय आतून बुरशी धरलेली शेंग लाल ढिगाऱ्यात दिसत नाही. एक-दोन शेंगा फोडून आत राखाडी-काळी पूड आहे का ते बघा. तयार तिखट विकत घेऊन त्यात कांदा-लसूण मिसळण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण त्या तिखटात काय आहे याची जबाबदारी पाकिटावर नाव असणाऱ्याची असते.

निवडणीपासून माणसांचा विषय सुरू होतो, आणि इथे मजुरी कशी मोजता यावर चटणी कशी होते ते ठरतं. मिरचीचे देठ काढायला बायका किलोवर काम मागतात. हात चालणारी बाई दिवसाला पंधरा-वीस किलो उरकते, तिला किलोवर जास्त मिळतात, मालकालाही देखरेख नको असते. दोघांनाही सोयीचं. पण किलोवर काम करणाऱ्या बाईने बुरशीची शेंग बाजूला टाकली तर तिचं वजन कमी होतं, आणि देठ अर्धवट ठेवला तर वाढतं. म्हणजे चांगलं काम केलं की तिला कमी पैसे. अशा ठिकाणी ‘नीट निवडा गं’ असं दिवसभर ओरडून काही होत नाही. आमच्याकडे मिरची हजेरीवर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर, निवडली जाते आणि लसूण किलोवर सोलला जातो. लसणाची पाकळी खराब असेल, साल राहिली असेल, तर ती पाटीत समोर दिसते, कुणी लपवू शकत नाही. मिरचीचा दोष शेंगेच्या पोटात असतो. दोष दिसणारं काम किलोवर आणि न दिसणारं हजेरीवर, एवढं धरलं तरी बरीच भांडणं मिटतात.

किलोवर काम दिलं तरी दिवसाची कमाई सरकारी किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. महागाईनुसार मिळणारा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, तेव्हा जानेवारीत आणि जुलैत आकडा बघून घ्यावा.

हजेरी म्हटली की काम संथ होतं ही भीती खोटी नाही. त्यावर आम्ही देठ मोजतो. दहा किलो ब्याडगीमागे सहा-सातशे ग्रॅम देठ आणि टोप्या निघायला हव्यात. तीन-चारशेच निघाले तर निम्मे देठ मिरचीतच राहिले आहेत, आणि ते डंकावर चोथ्यासारखे चाळणीत उरतात. हे वजन अख्ख्या ढिगाचं करायचं, एकेका बाईचं नाही. एकेकीचं मोजायला लागलात की शेजारणी एकमेकींच्या पाटीत देठ टाकतात.

वाळवणाला कडक उन्हाचे दोन ते तीन दिवस लागतात. जाड स्वच्छ कापडावर, जमिनीपासून उंच, वरून जाळी. रस्त्याकडेला किंवा उघड्या गच्चीवर वाळवलं तर धूळ आणि पक्ष्यांची घाण येते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, म्हणून चारच्या पुढे वाळवण बाहेर ठेवायचं नाही. ढग दिसो न दिसो.

भाजणी एकाच हाताची असावी. कोणत्या जिन्नसाला किती आच हे कागदावर लिहिता येतं, तरी धने नेमके कधी काढायचे ते वासावरूनच कळतं. धने-जिरं मंद आचेवर, तीळ तडतडेपर्यंत, खसखस नुसती गरम. मेथी घालत असाल तर अगदी थोडी, आणि ती जळली तर घाणा कडू होतो, पुढे काही करून तो कडूपणा जात नाही. खोबऱ्याचा कीस बदामी झाला की उतरवायचा, कारण कढईच्या उष्णतेवर तो पुढेही भाजत राहतो. सगळ्यात जास्त माल बिघडतो तो कांद्याने. उभा चिरून एक-दोन दिवस वाळवलेला कांदा तेलात गडद तपकिरी आणि कुरकुरीत व्हायला हवा. बोटाने दाबला तर मोडला पाहिजे. मऊ राहिला तर चटणीत ओल जाते, गुठळ्या होतात आणि काही आठवड्यांत पांढरी बुरशी दिसते. घरी वापरायच्या चटणीत कच्चा लसूण खपून जातो, बरणी उन्हात ठेवता येते, चमचा कोरडा असतो. विकायच्या मालात लसूण चिरून, वाळवून, हलका तळूनच घालावा.

भाजणाऱ्या बाईला आम्ही महिन्याचा पगार देतो, डंकवाल्याइतकाच. या धंद्यात डंकावरच्या पुरुषाला पगार आणि भट्टीसमोरच्या बाईला हजेरी अशी रीत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती आम्हाला पटत नाही, आणि न्यायाचा भाग सोडला तरी व्यवहारात महाग पडते. मोसमाच्या मध्यात ती दुसरीकडे गेली तर चव तिच्याबरोबर जाते, आणि जुन्या गिऱ्हाईकाला ते पहिल्या पाकिटात कळतं. तिच्या हाताखाली दुसरी एक बाई तयार करत राहणंही गरजेचं. ‘हिला शिकवलं तर माझं काय’ ही तिची शंका रास्त असते, म्हणून शिकवण्याचे वेगळे पैसे लावावेत.

कुटायला डंक. लोखंडी उखळात वरून आळीपाळीने मुसळं पडतात, माल फारसा तापत नाही, खोबरं-तीळ-कांद्याचं तेल सुटलं तरी काम अडत नाही. पल्व्हरायझर (पूड करणारं फिरतं यंत्र) वेगवान असतो, पण तेलकट माल त्याच्या जाळीत चिकटतो आणि तापलेल्या मिरचीचा रंग काळपट होतो. क्रम असा: आधी मिरची एकटी कुटून चाळायची, मग हळकुंड आणि खडा मसाला, मग धने-तीळ-खोबरं, मग कांदा-लसूण, आणि शेवटी मिठासकट सगळं एकत्र पुन्हा एकदा. मीठ आधी भाजून कोरडं करायचं. सगळं एकदमच घातलं तर खोबऱ्याचं तेल मिरचीच्या सालीला धरतं आणि चाळणीतून काही खाली पडत नाही.

डंकावर माणूस जखमी होतो तो कडेला आलेला माल हाताने आत लोटताना. मोटर चालू असताना हात उखळात जाणार नाही, लाकडी पळीच जाईल, आणि बंद करायचं बटण उभ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर असेल, या दोन गोष्टींत सवलत नाही. पट्ट्यावर जाळी हवी, पदर-ओढणीवर घट्ट ॲप्रन हवा. खकाण्यासाठी एक्झॉस्ट पंखा, मास्क, गॉगल. हाताची आग होऊ नये म्हणून काम सुरू करण्यापूर्वी खोबरेल लावून वर हातमोजे घालावेत. आग झालीच तर तेल चोळून मग साबणाने धुवावे, नुसत्या पाण्याने ती जात नाही. डंक घरगुती मीटरवर चालवू नका. मीटर घरगुती आणि वापर धंद्याचा असला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणकडून औद्योगिक जोडणीच घ्यावी.

कुटलेली चटणी रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्यायची. कोमट भरली की पाऊचच्या आत घाम धरतो. सील सुटतं ते बहुतेक वेळा मशीनमुळे नव्हे, तर तोंडाशी अडकलेल्या तेलकट पुडीमुळे. लांब नळीचं नरसाळं वापरा, तोंड कोरड्या कापडाने पुसा, मग सील. पॅकिंगही हजेरीवरच, कारण नगावर पैसे दिले की पुसणं पहिल्यांदा बंद होतं.

परवान्यांचं अवघड काही नाही, फक्त वेळ धरून ठेवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. अन्नसुरक्षेची नोंदणी ‘फॉस्कॉस’ पोर्टलवर होते, तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर लागतो. जोडीला शाकाहारी खूण, घटक उतरत्या प्रमाणात, पोषणमूल्यं, घाणा क्रमांक, बनवल्याची तारीख, वापराची मुदत, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा. राज्यातल्या राज्यात माल विकताना जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे, पण बेळगावच्या दुकानाला माल द्यायचा असेल तर ती सवलत धरू नका. कामगार दहा झाले की ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) बघावं लागतं. त्यात मालकाचा वाटा ३.२५ आणि कामगाराचा ०.७५ टक्के असतो. दहाव्या माणसाचं नाव हजेरीपटावर न घालण्याची युक्ती कुणी सांगेल. अपघात नेमका त्याच माणसाला झाला तर काय, हे त्याला विचारा.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० साली आणलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं होतं. सध्या ती कोणत्या स्थितीत आहे ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारावं. मात्र हे अनुदान कर्जाला जोडलेलं असतं आणि लगेच हातात पडत नाही, तेव्हा मिरचीची खरेदी त्याच्या भरवशावर ठरवू नका.

विक्रीत सुरुवातीला उधारीच गळा धरते. नव्या दुकानाला पहिला माल कमी आणि रोखीने, दुसरा माल पहिल्याचा पैसा आल्यावर. दोनशे ग्रॅमचं पाकीट जास्त फिरतं. नवरात्रात आणि सुट्ट्यांत अंबाबाईच्या दर्शनाला येणारे लोक तेच नेतात. पुण्या-मुंबईला गेलेले कोल्हापूरकर किलोत मागवतात, त्यांचा माल दोन पाऊचमध्ये घालून पाठवावा.

आता माणसांकडे परत. आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायकांच्या घरी म्हैस असते, सकाळ-संध्याकाळ धार काढून दूध डेअरीला घालायचं असतं. नऊ ते सहा अशी वेळ ठेवली तर रोज कुणी ना कुणी उशिरा येणार आणि रोज बोलणी खाणार. दहा ते साडेपाच ठेवली की उशीर जवळजवळ संपतो. जोतिबाची चैत्र यात्रा ऐन मोसमात येते, गावोगावच्या म्हाया (गावजत्रा) आणि लगीनसराईही तेव्हाच. फेब्रुवारीतच प्रत्येकीला तिच्या गावची म्हाई कधी ते विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ते दिवस सोडून घाणे लावा. रजा नाकारून काही फायदा नसतो, बाई यात्रेला जातेच आणि वर खोटं कारण सांगावं लागलं म्हणून नाराज होते.

मजुरी शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार. एखाद्या शनिवारी पैसे देता येणार नसतील तर ते गुरुवारी सांगा.

घाण्याची वही ठेवा. तारीख, मिरची कोणत्या पोत्यातली, भाजलं कुणी, कुटलं कुणी, वजन किती आलं, काय बिघडलं. पाकीट परत आलं की क्रमांकावरून मागे जाता येतं. पण या वहीवरून एकदा जरी कुणाचे पैसे कापले, तर पुढच्या आठवड्यापासून ‘काय बिघडलं’ हा रकाना कोरा यायला लागतो. सगळे घाणे उत्तम, आणि परत येणारी पाकिटं तेवढीच. कांदा मऊ राहिला असं वाटलं तर भाजणारीने, सील धरत नसेल तर पॅकिंगवालीने, कुणालाही न विचारता काम थांबवावं. त्या खोळंब्याची हजेरी मालकाने भरायची. थांबवणं नऊ वेळा अनाठायी निघालं तरी दहाव्या वेळी अख्खा घाणा वाचतो.

बोलण्याचंही भान हवं. वयाने मोठ्या बाईला मावशी, अक्का. पंचविशीतल्या मालकाने पन्नाशीच्या बाईला सगळ्यांसमोर ‘अगं’ म्हटलं की काम होतं, पण तिने पाहिलेली चूक ती त्याला पुन्हा सांगत नाही. चूक बाजूला घेऊन सांगावी, कौतुक मात्र चहाच्या वेळी सगळ्यांत. आणखी एक दुखणं घरच्या धंद्याचं: आई येऊन सांगते मीठ वाढव, बायको सांगते कमी कर, मालक फोनवर तिसरंच बोलतो. घाण्याच्या प्रमाणाबद्दल एकाच व्यक्तीने बोलायचं, बाकीच्यांनी तिच्याशी. देखरेखीला नात्यातलं माणूस बसवलं तर कुणी काम थांबवायला धजत नाही.

जूनला मोसम संपतो आणि शाळा सुरू होतात, तेव्हा उचल मागितली जाते. देऊच नका म्हणणारे सल्लागार पुष्कळ आहेत. आम्ही देतो, पण एका महिन्याच्या मजुरीपुरती, वहीत सही घेऊन, पुढच्या मोसमात आठवड्याला ठरलेला हप्ता कापून. आधीची फिटेपर्यंत दुसरी नाही. मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची रीत काही धंद्यांत आहे. असा बांधलेला माणूस काम टाकून जात नाही हे खरं, पण बिघडलेला कांदा बघून तोंडही उघडत नाही.

पावसाळा धरून भाजणारी, डंकवाला आणि पॅकिंगची एक बाई एवढी तिघं बाराही महिने ठेवावी लागतात. उरलेली मिरची शीतगृहात ठेवावी किंवा कुटून हवाबंद पिंपात भरावी. पोत्यात राहिली तर ऑगस्टपर्यंत मऊ पडते. या काळात भडंगाचा मसाला, मेतकूट अशी कोरडी कामं आणि दसऱ्यानंतर फराळाची भाजणी घेतली तर तिघांचा पगार निघतो. हजेरीवरच्या बायकांना डिसेंबरच्या शेवटी फोन करावेत. संक्रांत झाली की त्या दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर लागलेल्या असतात.